बालवाडीला नाव काय ठेवू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी चोपड्याची सून. डी.एड. झालंय, काही वर्षं जळगावला एका खासगी शाळेत के.जी.ला शिकवलं. येत्या जूनपासून घरच्याच वाड्याच्या पुढच्या दोन खोल्या आणि ओसरी मिळून बालवाडी सुरू करतेय. लहान खुर्च्या आल्या, भिंती रंगवून झाल्या, पण नाव ठरत नाही. मिस्टर म्हणतात, नावात 'इंटरनॅशनल' नाहीतर 'जीनियस' असं काहीतरी इंग्रजी पाहिजेच, नाहीतर लोक अंगणवाडी समजतील आणि फी देणार नाहीत. एका कंपनीची फ्रँचायझी घ्यायचंही त्यांच्या मनात आहे. सासरे, म्हणजे आमचे आबा, त्यांच्या आईचं पूर्ण नाव द्या म्हणून अडून बसलेत. आजेसासूबाई काही शिकलेल्या नव्हत्या, पण गल्लीतली पोरं सारा दिवस त्यांच्याजवळ ओसरीवर असायची. सगळे त्यांना मोठी माय म्हणायचे. मला स्वतःला 'सुगरण' हे नाव आवडतं. नणंद म्हणते, इंग्रजी स्पेलिंगची अक्षरं अंकशास्त्राप्रमाणे मोजून घे. आमच्या गल्लीत अहिराणी, गुजरी, पावरी, उर्दू अशी सगळी घरं आहेत. पाडव्याच्या आधी बोर्ड लागायला हवा. सगळ्यांचं मन राहील असं नाव कसं शोधू?"

ताई,

सगळ्यांचं मन राखणारं एकच नाव शोधायचा नाद आधी सोडा. तुमच्या घरातल्या प्रत्येकाला नावाकडून वेगळं काम करून घ्यायचंय. यजमानांना प्रवेश हवेत. आबांना आईची आठवण टिकायला हवी. तुम्हाला वाटतं, आत काय चालतं ते नावावरून कळावं. तिघांचंही म्हणणं रास्त आहे. पण एका शब्दावर तिघांचं ओझं टाकलं की नाव लांबत जातं, आणि ज्याच्यासाठी शाळा काढायची त्या तीन वर्षांच्या पोराला ते म्हणताच येत नाही. बोर्डावर एकापेक्षा जास्त ओळी असतात आणि कागदोपत्री एकापेक्षा जास्त नावं असू शकतात. तेव्हा कामं वाटून द्या.

सुरुवात आबांपासून करते, कारण त्यांचा प्रश्न सगळ्यात लवकर सुटण्यासारखा आहे आणि तो सुटला की घरातली हवा बदलेल.

आपल्याकडचे शाळांचे बोर्ड आठवा. वर लहान अक्षरांत संस्थेचं नाव, त्यापुढे 'संचालित', आणि खाली मोठ्या अक्षरांत शाळेचं नाव. तुम्ही संस्था नोंदवणार असाल, म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद घेऊन आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणून, तर त्या संस्थेला आजेसासूबाईंचं पूर्ण नाव द्या. पावतीपुस्तकावर, शिक्क्यावर, बँकेच्या खात्यावर ते राहील. उद्या बालवाडीला जोडून पहिली-दुसरीचे वर्ग निघाले किंवा दुसऱ्या गावात शाखा झाली तरी संस्था तीच राहते, म्हणजे नावही राहतं. आबांना हे नीट समजावून सांगा. शाळेला दिलेल्या नावापेक्षा संस्थेला दिलेलं नाव जास्त टिकाऊ असतं. संस्था आत्ता नोंदवायची नसेल, तर ओसरीत त्यांचा फोटो आणि खाली दोन ओळींची पाटी लावा: या जागी त्या पोरांना घेऊन बसायच्या, एवढंच लिहा.

त्या 'काही शिकलेल्या नव्हत्या' हे तुम्ही दबकत लिहिलंय असं मला वाटलं. त्यात दबकण्यासारखं काही नाही. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, आणि बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. खान्देशात एखाद्या निरक्षर बाईच्या नावाने शिक्षणाची संस्था उभी राहिली तर त्यात कमीपणा कसला?

तरीही त्यांचं पूर्ण नाव शाळेच्या हाकेचं नाव करू नका. साने गुरुजींनी जिथे शिकवलं ते अमळनेरचं प्रताप हायस्कूल आणि १९४५ मध्ये निघालेलं प्रताप कॉलेज ही दोन्ही दानशूर प्रताप शेठजींच्या नावाची. ते नाव पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडात राहिलं, कारण तो एकच सुटसुटीत शब्द आहे. 'कैलासवासी', मग त्यांचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव, मग 'स्मृती बालक मंदिर' अशी माळ केली की वर्षभरात तिची आद्याक्षरं होतात. पोरांच्या खिशावर चार अक्षरं, रिक्षावाल्याच्या तोंडी चार अक्षरं. जिच्यासाठी नाव दिलं ती बाईच त्यातून निघून जाते.

आता यजमानांचं म्हणणं. ते मी हलक्यात घेत नाही. पैसा त्यांचाही लागलाय. चोपड्यात केळी-कापूस पिकवणारा शेतकरी येवो की बाजारपेठेतला दुकानदार, पहिला प्रश्न 'इंग्लिश मीडियम आहे का?' हाच असणार. त्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं. पण ते उत्तर नावाने कशाला द्यायचं? नावाखालच्या ओळीत स्वच्छ लिहा: प्ले ग्रुप, नर्सरी, ज्युनिअर के.जी., सिनिअर के.जी. पुढे माध्यम, पुढे वेळ. पालक ही ओळ वाचतो. मराठीतून शिकवणार आणि इंग्रजीची गोडी लावणार असाल तर तसंच लिहा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही, शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलंय, हे विचारणाऱ्या पालकाला सांगता येतं.

'इंटरनॅशनल' या शब्दाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन खोल्या, एक ओसरी आणि प्रेमाने शिकवणारी एक बाई, हे तुमचं भांडवल आहे, आणि ते फार चांगलं आहे. दारावर 'इंटरनॅशनल' लिहिलंत की आत पाऊल टाकणारी आई त्या शब्दाला शोधते. ती एसी शोधते, बस शोधते, मोठं मैदान शोधते. तिला काही सापडत नाही, आणि जे खरोखर आहे ते तिच्या नजरेतून सुटतं. शिवाय बोर्डावरच वाढवून सांगितलंय असं तिला एकदा वाटलं, की पोराने आज डबा पूर्ण खाल्ला हे तुमचं साधं वाक्यही ती संशयाने ऐकेल.

'जीनियस', 'स्कॉलर', 'टॅलेंट' यांना माझा विरोध आणखी जास्त आहे. पहिले पंधरा दिवस आईचा पदर सोडत नाही, ज्याला अजून चड्डीचं बटण लावता येत नाही, त्या पोराच्या छातीवर हे शब्द टाचायचे का? आणि नाव आपल्याकडे कुठले पालक आणायचे हेही ठरवत असतं. 'जीनियस' वाचून आलेला बाप जुलैमध्येच वही मागेल, पाढे मागेल, शेजारच्या नर्सरीतलं पोर ए टू झेड लिहितं हे दाखवेल. पायाभूत स्तराचा जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला, त्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिकण्यावर भर आहे. तुम्ही त्याच वाटेने जाणार असं पत्रावरून दिसतं: मातीकाम, गाणी, गोष्टी, चिंचोके मोजणं. मग वर्षभर पालकांशी वाद घालायला लावणारं नाव दारावर कशाला?

'लोक अंगणवाडी समजतील' या भीतीबद्दलही बोलते, कारण ती फक्त तुमच्या यजमानांची नाही, पुष्कळांची आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव त्या कामातून आलं, आणि २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा ते देशभर गेलं. आज देशात लहान मुलांसाठीच्या जागेचं सगळ्यात ओळखीचं नाव हेच आहे. ते मराठी बायकांनी, मराठी पोरांसाठी काम करताना शोधलं आणि त्यात इंग्रजीचा एक शब्द नाही. साधं, घरगुती नाव चालत नाही असं कुणी म्हटलं तर हे सांगा. आणि तुमची बालवाडी खासगी आहे, फी घेणारी आहे, हे लोकांना खालच्या ओळीवरून आणि फीच्या कागदावरून कळेलच.

फ्रँचायझीचा निर्णय घाईने घेऊ नका. सुरुवातीला पैसे, पुढे बहुतेक ठिकाणी दरवर्षी फीतला वाटा, हे यजमानांनी विचारात घेतलंच असेल. मला त्यातली नावाची अट जास्त महत्त्वाची वाटते. फ्रँचायझीत नाव कंपनीचं असतं. चार-पाच वर्षं तुम्ही राबलात, गावात चांगलं बोललं जाऊ लागलं, आणि मग करार संपला किंवा पटलं नाही, तर बोर्ड उतरवावा लागतो. गणवेश, दप्तर, पावत्या, सगळं बदलतं. लोकांच्या तोंडात बसलेलं नाव कंपनीकडे परत जातं आणि ते उद्या पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या कुणाला देऊ शकते. तुम्ही शिकलेल्या आहात, के.जी.चा अनुभव आहे. अभ्यासक्रम कसा आखायचा, साहित्य कुठलं आणायचं, हे तुम्हाला कळतं. जी गोष्ट तुमच्या हाती आहे ती विकत घेऊ नका.

काही तयार शब्द मोह पाडतात, त्यांच्याबद्दल थोडं सांगते. 'मॉन्टेसरी' कुणीही लिहितं. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ ला रोममध्ये पहिलं बालकेंद्र उघडलं. तिथली पद्धत, साहित्य, शिक्षिकेचं वागणं, सगळं ठरलेलं आहे. ते प्रशिक्षण आणि ते साहित्य नसेल तर हा शब्द लावू नका. कुणी विचारायला येणार नाही, पण जाणकार पालक पहिल्याच भेटीत ओळखेल. 'बालगृह' तर मुळीच नको. ऐकायला गोड आहे, पण बाल न्याय कायद्यात तो निराधार आणि संकटातल्या मुलांच्या निवासी संस्थेसाठीचा शब्द आहे. 'पाळणाघर' म्हटलं की लोक दिवसभर मूल सांभाळायला आणतील. टीव्हीवरच्या कार्टूनची नावं आणि चित्रंही टाळा, ती त्या त्या कंपन्यांच्या मालकीची असतात. भिंतीवर आपल्या इथली बैलगाडी, केळीची बाग, सातपुड्याचे डोंगर काढा की. पोरं ती ओळखतील.

नाव पाडव्यापर्यंत सुचलं नाही तर काय, असा धीर सुटत असेल तर एक सांगते. फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा काढली, आणि 'किंडरगार्टन' हे नाव त्याला १८४० मध्ये सापडलं. तोवर ती संस्था वेगळ्याच, बोजड नावाने चालली. तुम्हाला तीन वर्षं थांबता येणार नाही हे खरं. पण प्रवेश पाडव्याला घ्यायचे म्हणून बोर्डही पाडव्यालाच लागला पाहिजे असं नाही. कापडी बॅनरवर दोन महिने निभतं. पत्र्याचा पक्का बोर्ड मे महिन्यात लावा.

आता 'सुगरण'. नाव मलाही आवडलं. विहिरीवरच्या बाभळीला लटकलेले तिचे खोपे खान्देशातल्या प्रत्येकाने पाहिलेत, आणि चोचीने एक-एक काडी विणणारं पाखरू बालवाडीला शोभतं. पण रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यांनी बघा. 'सुगरण' असा बोर्ड वाचला की त्याच्या मनात पापड, मसाले, घरगुती डबा येतो. खाली बालवाडी लिहिलं तरी पहिला अर्थ तोच. फोनवर रोज कुणीतरी जेवणाच्या डब्याची चौकशी करेल. हे नाव शाळेला देण्याऐवजी एखाद्या वर्गाला द्या. एक खोली सुगरण, एक खोली साळुंकी. पोरांना वर्गाची नावं पाखरांची असली की फार आवडतात.

नाव कानाने निवडा. तुमच्या गल्लीत इतक्या भाषा आहेत, हे तुम्ही अडचण म्हणून लिहिलंय. मला ती उत्तम चाचणी वाटते. आपल्याकडे बोलताना 'ळ'चा 'य' होतो, 'ण'चा 'न' होतो. केळीची केयी होते, शाळेची शाया. 'कोन्ती शायामा जास रे भो?' असं आजोबा नातवाला विचारणार, आणि नातू जे उत्तर देईल ते तुमच्या शाळेचं खरं नाव. 'कोवळी कळी' ठेवलंत तर अर्ध्या घरांत ते 'कोवयी कयी' होईल. ही आपली बोली आहे, तिची लाज वाटायचं कारण नाही, आणि पोराच्या आजीचा उच्चार दुरुस्त करणं हे बालवाडीचं काम नाही. पण जे नाव सगळ्या घरांत एकसारखं वाजतं ते लवकर पसरतं. लहान मुलांचंही तेच. प, ब, म हे ओठांचे आवाज त्यांना लवकर येतात. 'र' बऱ्याच जणांना उशिरा येतो, जोडाक्षरं त्याहून उशिरा. 'संस्कार प्रज्ञा' हे नाव तीन वर्षांच्या तोंडात टिकत नाही. पोराने मोडून म्हटलं तरी ओळखू येईल असं नाव पाहिजे.

देवाधर्माच्या नावाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. श्रद्धेला माझा नमस्कार. मात्र तुमच्या गल्लीत पावरा घर आहे, मुसलमान घर आहे, आणि त्या प्रत्येक घरातल्या आईला दारात उभं राहताना ही जागा आपल्याही पोराची आहे असं वाटायला हवं. पूजा, आरास, आखाजीचा झोका, ईदचा शिरखुर्मा, हे सगळं आत करता येतं. नाव सगळ्यांचं ठेवा.

इतकं सगळं सांगून मी तुम्हाला एक नावही सुचवते: 'ओसरी'.

ते तुमच्याच पत्रात आहे. शाळा ओसरीवर भरणार आहे. मोठी माय पोरांना घेऊन तिथेच बसायच्या. ओसरी घराच्या आतही नसते आणि रस्त्यावरही नसते. आईचा हात सोडून पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या पोराची जागा नेमकी तिथेच असते. तीनच अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, 'ळ' नाही, 'ण' नाही. पोर 'ओसली' म्हणालं तरी गल्लीतल्या कुणालाही कळेल. इंग्रजीत लिहायलाही फार घोळ नाही. याउलट 'झोका' हे नाव मला आवडत असूनही मी सुचवलं नाही, कारण 'झ' रोमनमध्ये लिहायला दहा जण बसवले तर तीन-चार तऱ्हेची स्पेलिंगं निघतात. मग नकाशावर शाळा सापडत नाही, ई-मेल चुकतो, पैसे पाठवताना माणूस अडखळतो. आबांना 'मोठ्या मायची ओसरी' जास्त भावेल कदाचित. ते सुंदर आहे, पण रोजच्या हाकेला लांब आहे, आणि 'माय' वाचून लोकांना पाळणाघर वाटण्याचा धोका आहे. संस्थेला त्यांचं नाव असेल तर 'ओसरी' एवढंच पुरे. आबांचं मन फार ओढलं तर प्रवेशाच्या पत्रकावर मात्र ती ओळ छापा: मोठ्या मायची ओसरी.

तुम्हाला दुसरं काही सुचलं तर तेही याच कसोटीवर घासा. नाव समजावून सांगू नका, नुसतं फोनवर एकदा उच्चारा आणि समोरच्याला लिहायला सांगा. भाजीवाल्या मावशीला, व्हॅनवाल्या दादाला, तुमच्या मोहल्ल्यातल्या एखाद्या खालांना. ज्यांना परत विचारावं लागलं नाही, ज्यांनी बरोबर लिहिलं, त्यांची संख्या जिथे जास्त ते नाव घ्या. गल्लीतल्या दोन-तीन पोरांनाही म्हणायला लावा. घरात मतं घेत बसू नका. घरातले लोक नावाला नाही, एकमेकांना मत देतात.

कायद्याचं थोडं. चोपड्यात आणि आसपास, यावल-अमळनेरपर्यंत, त्या नावाची दुसरी शाळा आहे का ते आधी बघा. मी सुचवलेलं नावही कुठे ना कुठे असू शकतं, तेव्हा तेही तपासा. शेजारच्या नर्सरीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव चुकूनही नको. त्याने त्या बाईंचं नुकसान होतं आणि तुमच्या तक्रारीही त्यांच्या नावावर जातात. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो, शिक्षणसेवेचा वर्ग ४१ वा. स्वतःच्या नावावर ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची फी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं चालते. आत्ता अर्ज केलाच पाहिजे असं नाही, शोध मात्र घ्याच. १९५० चा एक केंद्रीय कायदा आहे, त्यात गांधी, नेहरू, शिवाजी ही नावं परवानगीशिवाय व्यवसायासाठी वापरायला मनाई आहे, आणि सरकारचा पाठिंबा आहे असं भासवणाऱ्या नावांनाही. म्हणून 'भारत सरकार मान्य'च्या थाटाचं काही बोर्डावर नको. राज्याच्या शिक्षण विभागाने २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांच्या नोंदणीसाठी पोर्टल सुरू केलंय. तिथे जे नाव भराल तेच बोर्डावर, तेच पावतीवर, अक्षराचाही फरक नको. आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून महाराष्ट्रात दुकानं-आस्थापनांच्या पाट्यांवर मराठी नाव आधी आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लागतं. तुमच्या बोर्डाला काय लागू होतं ते नगरपरिषदेत विचारून घ्या, पण देवनागरी मोठी ठेवलीत तर विचारायचीही गरज उरणार नाही.

नणंदबाईंना दुखवू नका. त्यांना शुभ व्हावं असंच वाटतंय. त्यांना सांगा, मुहूर्त तुम्ही काढा: बोर्ड कधी लावायचा, पहिला नारळ कधी फोडायचा, तो दिवस तुमचा. पण स्पेलिंगमध्ये जास्तीचा 'ए' किंवा दोनदा 'एस' घातला की बँकेत एक नाव, पोर्टलवर दुसरं, पालकाच्या मोबाइलमध्ये तिसरं होतं, आणि ते निस्तरायला कुठलाच आकडा मदतीला येत नाही.

घरी बोलायचा क्रमही सांभाळा. आधी आबा. संस्थेचं नाव कागदावर लिहूनच त्यांच्यापुढे न्या, कोरा कागद नेऊ नका. ते हो म्हणाले की यजमानांशी बसा, आणि त्यांच्यापुढे बोर्डाचा खालचा भाग ठेवा: वर्ग, माध्यम, वेळ, व्हॅनची सोय. तो मजकूर त्यांनाच लिहू द्या. बाजारात काय चालतं हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि ते ज्ञान तिथे खरोखर कामाला येईल. मग पेंटरला बोलवा. रंग दोनच वापरायला सांगा, नाव रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं पाहिजे, आणि सगळ्यात खाली तुमचा फोन नंबर ठळक. प्रवेशाचे फोन त्यावरच येणार आहेत.